मॅन्युअल की ऑटोमॅटिक: गिअरबॉक्स निवडण्याची क्रमवार पद्धत

गाडी घेताना रंग, आसने आणि इंजिन यांवर घरात दिवसेंदिवस चर्चा चालते. गिअरबॉक्सचा निर्णय मात्र बहुधा एका वाक्यात उरकला जातो. 'गर्दीत चालवायची आहे, मग ऑटोमॅटिकच घ्या' असे एक जण म्हणतो आणि 'ऑटोमॅटिक बिघडली की खर्च परवडत नाही' असे दुसरा सांगतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत किमान चार निराळ्या रचनेची यंत्रे असतात आणि त्यांतील काहींचे नाते एकमेकांपेक्षा मॅन्युअलशीच अधिक जवळचे असते. त्यामुळे दोन पर्यायांतून एक निवडण्याच्या तयारीने शोरूममध्ये गेलेल्या ग्राहकाची निम्मी निवड नकळत विक्रेताच करून टाकतो.

पुढे दिलेली पद्धत एका प्रश्नावर उभी आहे. पेट्रोल किंवा डिझेल इंजिन नुसते चालू असतानाही मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत असते आणि त्याहून फार खाली आणले तर बंद पडते. गाडी उभी असते तेव्हा चाके मात्र शून्यावर असतात. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न दाबता, बहुतेक गाड्या ताशी ६ ते ८ किलोमीटरने चालतात. त्याहून कमी वेगात इंजिन आणि चाके यांच्या गतीतला फरक कुठल्या तरी भागाला घसरून सोसावा लागतो आणि त्या घसरण्यातून उष्णता निर्माण होते. हा भाग कोणता, तो कोणाच्या ताब्यात असतो आणि ती उष्णता कुठे जाते, हे कळले की गिअरबॉक्सची निवड बरीच सोपी होते. गिअरबॉक्सची खरी परीक्षा भरधाव वेगात होत नाही. ती पायी चालण्याच्या वेगात होते.

पायरी पहिली: आपला खरा वेग मोजा

'मी रोज गर्दीतून जातो' या विधानाचा निवडीसाठी फारसा उपयोग नाही, कारण गर्दीच्याही दोन तऱ्हा असतात. एकीत गाडी सिग्नलला दोन मिनिटे स्तब्ध उभी राहते आणि मग मोकळी सुटते. दुसरीत ती तासभर हात-हात सरकत राहते. पहिल्या प्रकारात मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाय मोकळा करता येतो आणि क्लचला काहीही झळ लागत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र क्लच, गिअरबॉक्स आणि चालकाचा डावा गुडघा हे तिघेही झिजतात.

सध्या वापरात असलेल्या गाडीच्या पडद्यावर सरासरी वेग दाखवण्याची सोय असेल, तर तो आकडा शून्यावर आणून एक संपूर्ण आठवडा गाडी नेहमीप्रमाणे चालवावी. ती सोय नसेल तर रोजचे अंतर आणि लागलेला वेळ वहीत टिपला तरी चालते. माझा ढोबळ निकष असा आहे की सरासरी ताशी २० किलोमीटरच्या खाली आली तर निवड सरकत्या गर्दीतील वागणुकीवरच करावी. ती ४० च्या वर गेली तर खुल्या रस्त्यावरील वागणुकीला महत्त्व द्यावे. आणि मधल्या पट्ट्यात असेल तर पुढच्या पायऱ्यांना निर्णय करू द्यावा.

या आकड्याबरोबर तीन गोष्टी नोंदवाव्यात: रोजच्या मार्गावर चढावर थांबून पुन्हा निघावे लागते का, गाडी ठेवण्याच्या जागेत शिरताना तीव्र उतरण किंवा अरुंद वळण आहे का, आणि गाडी पूर्ण भरून किंवा मागे काही ओढत कितीदा जावे लागते. एरवी उत्तम चालणारा गिअरबॉक्स या तीन ठिकाणी उघडा पडतो.

पायरी दुसरी: गाडी कोण चालवणार आहे, हे ठरवा

अनेक देशांत ऑटोमॅटिक गाडीवर चालक-परीक्षा दिलेल्या व्यक्तीला केवळ ऑटोमॅटिकच चालवण्याचा परवाना मिळतो. घरात असा एक जरी चालक असेल, तर मॅन्युअलचा विचार तिथेच संपतो. याउलट नव्याने शिकणाऱ्याला पुढे कोणतीही गाडी चालवता यावी असे वाटत असेल, तर शिकणे मॅन्युअलवर व्हावे आणि खरेदी स्वतंत्रपणे ठरवावी. या दोन गोष्टी एकत्र बांधण्याचे कारण नाही.

गुडघा, कंबर किंवा घोट्याचे दुखणे असलेल्या व्यक्तीने क्लचचा पेडल 'हलका आहे' या आश्वासनावर विसंबू नये. पेडल दाबण्यास लागणाऱ्या जोरापेक्षा तो अर्ध्यावर धरून ठेवण्याचा त्रास अधिक असतो, आणि शोरूमभोवतीच्या पाच मिनिटांच्या फेरीत तो जाणवत नाही. उंचीने लहान असलेल्या चालकाला क्लच तळापर्यंत दाबण्यासाठी आसन फार पुढे घ्यावे लागते आणि त्यामुळे छाती स्टिअरिंगच्या, पर्यायाने एअरबॅगच्या, नको तितकी जवळ येते. ही बाब सहसा कोणी सांगत नाही, पण ती बसून पाहताच कळते.

सुरक्षिततेचा एक मुद्दा मॅन्युअलच्या बाजूचा आहे. ब्रेकऐवजी चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेला तर ऑटोमॅटिक गाडी लगेच झेपावते. मॅन्युअलमध्ये अशा घाबरलेल्या क्षणी डावा पाय बहुधा आपसूक क्लचवर जातो आणि चाकांकडे जाणारी शक्ती तुटते. गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी अमेरिकेत १९८० च्या दशकात गाजल्या होत्या. तेथील महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने त्यांचा अभ्यास करून १९८९ साली जो अहवाल दिला, त्यात अशा बहुतेक घटनांमागे पेडलची चूक असल्याचा निष्कर्ष होता. म्हणून वर्षानुवर्षे मॅन्युअल चालवलेल्या ज्येष्ठ व्यक्तीसाठी ऑटोमॅटिक घेताना, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेच दाबण्याचा सराव मोकळ्या जागेत पुरेसा करून घ्यावा आणि मगच गाडी रस्त्यावर आणावी. डाव्या पायाला क्लच जोरात तळापर्यंत दाबण्याची सवय असते. तोच पाय ब्रेकवर गेला तर गाडी जागच्या जागी उभी राहते आणि मागच्याची फजिती होते.

पायरी तिसरी: यंत्र ओळखा

माहितीपत्रकात प्रत्येक कंपनी आपल्या गिअरबॉक्सला स्वतःचे नाव देते आणि त्या नावांवरून आत काय आहे हे कळेलच असे नाही. विक्रेत्याला सरळ विचारावे: यात क्लच आहे का, असल्यास एक की दोन, ती कोरडी की तेलात बुडालेली, की क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर आहे? विक्रेत्याला सांगता आले नाही तर सर्व्हिस विभागातील तंत्रज्ञाला विचारावे; त्याला नक्की माहीत असते.

मॅन्युअलमध्ये इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, दाबली जाणारी एक कोरडी क्लच प्लेट असते आणि ती किती घसरू द्यायची हे चालकाचा पाय ठरवतो. गिअर बदलताना दात आपटू नयेत म्हणून लागणारी सिंक्रोमेश रचना १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत प्रथम आली. यंत्राचे मूळ तत्त्व तेव्हापासून फारसे बदललेले नाही. ही रचना साधी, हलकी आणि जवळजवळ कुठेही दुरुस्त होणारी आहे. तिचे आयुष्य मात्र पूर्णपणे पायावर अवलंबून असते. एकाच बनावटीच्या दोन गाड्यांपैकी एकीची प्लेट दीड लाख किलोमीटर टिकते आणि दुसरीची तीस हजारांत संपते, यात यंत्राचा दोष क्वचितच असतो.

एएमटी, म्हणजे स्वयंचलित केलेला मॅन्युअल, हा हाच गिअरबॉक्स असतो. फरक इतकाच की क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे विजेवर किंवा तेलाच्या दाबावर चालणारे हात करतात आणि त्यांना संगणक आज्ञा देतो. पेडल दोनच असल्यामुळे ग्राहक त्याला ऑटोमॅटिक समजतो, पण घसरणारी वस्तू तीच कोरडी प्लेट असते. गिअर बदलताना क्षणभर शक्ती तुटते, गाडी किंचित मंदावते आणि प्रवाशांच्या माना पुढे झुकतात. गिअर बदलण्याच्या सुमारास ॲक्सिलरेटर किंचित सैल केला की हा झटका बराच कमी होतो. ज्याला हे जमते त्याला एएमटी आवडतो आणि ज्याला पायाखाली काही जाणवायलाच नको असते त्याला तो चीड आणतो. किंमत व इंधन या दोन्ही बाबतींत तो मॅन्युअलच्या जवळ राहतो, हे त्याचे मोठे बळ आहे. चढावर आणि ओव्हरटेक करताना त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. याच वर्गाच्या कडेला क्लचचा पेडल नसलेला पण गिअर हातानेच टाकायचा असाही एक प्रकार काही कंपन्या देतात. ज्यांना गिअर बदलण्याची हौस आहे पण गुडघा साथ देत नाही, त्यांनी तो जरूर चालवून पाहावा.

ड्युअल क्लच किंवा डीसीटी या प्रकारात दोन क्लच असतात: एक विषम गिअरसाठी, दुसरी सम गिअरसाठी. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धावत असतानाच तिसरा जोडून तयार असतो, त्यामुळे बदल डोळ्याचे पाते लवण्याआधी होतो. शर्यतीच्या गाड्यांत आधी वापरले गेलेले हे तंत्र २००३ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ या गाडीतून सामान्य विक्रीत आले. खुल्या रस्त्यावर याच्याइतका चपळ गिअरबॉक्स मिळणे कठीण आहे. अडचण येते ती सरकत्या गर्दीत, कारण इथेही घसरते ती क्लचच. ती तेलात बुडालेली असेल तर उष्णता तेल वाहून नेते आणि बहुतेक वेळा निभावते. कोरडी असेल तर लांबलचक चढावरील रांगेत ती तापते, गाडी थरथरत निघू लागते आणि प्रसंगी पडद्यावर थांबण्याची सूचना येते. म्हणून डीसीटी घेताना 'कोरडी की ओली' हा प्रश्न गाडीच्या रंगाआधी विचारावा.

टॉर्क कन्व्हर्टर असलेला गिअरबॉक्स ही ऑटोमॅटिकची जुनी आणि कसलेली शाखा आहे. ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलांत आलेल्या हायड्रामॅटिकमध्येही इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाचाच दुवा होता. आजचा टॉर्क कन्व्हर्टर ही त्याची पुढची पायरी. इंजिनाने फिरवलेले पंख तेल फेकतात, ते तेल समोरच्या पंखांना फिरवते आणि मधला स्थिर पंखा परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून सुरुवातीचा जोर जवळजवळ दुप्पट करतो. घर्षणाची कोणतीही प्लेट न झिजवता गाडी हवी तितकी सरकते, चढावर धरली जाते, इंचाइंचाने मागे घेता येते. निर्माण झालेली उष्णता तेलातून कूलरकडे जाते. वेग आल्यावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि तेलातील घसरण थांबते. वजन, किंमत आणि दुरुस्तीला लागणारे कौशल्य या त्याच्या उण्या बाजू आहेत.

सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात. व्यास बदलणाऱ्या दोन पुली आणि त्यांच्यामधून जाणारा पोलादी पट्टा किंवा साखळी यांमुळे गुणोत्तर सलग बदलत राहते. बऱ्याच सीव्हीटींमध्ये निघण्याचे काम टॉर्क कन्व्हर्टरच करतो, म्हणून सरकत्या गर्दीत त्या अत्यंत मऊ असतात. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो. काहींना ते असह्य होते, काहींच्या लक्षातही येत नाही. जड ओझे ओढण्यासाठी मी सीव्हीटी सुचवणार नाही. तेल मात्र कंपनीने सांगितलेलेच घालावे लागते, कारण पट्ट्याची पकड त्या तेलाच्या गुणधर्मांवर ठरते.

हायब्रिडच्या माहितीपत्रकात ई-सीव्हीटी असे लिहिलेले आढळते. १९९७ च्या टोयोटा प्रियसपासून चालत आलेल्या या रचनेत पट्टा नसतोच. ग्रहमालेसारखी दातेरी चाके आणि दोन विद्युत यंत्रे मिळून इंजिनाची शक्ती वाटून घेतात आणि गाडी विजेच्या मोटरवर निघते. घसरणारा क्लच नसल्यामुळे पायी वेगाचा प्रश्नच राहत नाही. संपूर्ण विद्युत गाडीत तर मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते, त्यामुळे बहुतेकींत एकच गुणोत्तर पुरते आणि हा लेखही त्यांना लागू पडत नाही.

पायरी चौथी: इंधनाचा हिशोब नव्याने मांडा

ऑटोमॅटिक जास्त पेट्रोल पिते, ही समजूत तीन किंवा चार गिअर आणि सतत घसरणारा कन्व्हर्टर यांच्या काळात खरी होती. आठ किंवा अधिक गिअर आणि लवकर जोडला जाणारा लॉक-अप क्लच आल्यापासून हे अंतर पुष्कळ मिटले आहे आणि काही गाड्यांत उलटलेही आहे. कंपनीने जाहीर केलेले आकडे दोन्ही प्रकारांसाठी एकाच चाचणीतले असतील तरच त्यांची तुलना करावी. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो.

खुल्या रस्त्यावर जास्त फिरणाऱ्यांनी एक गोष्ट स्वतः पाहावी: सर्वांत वरच्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन किती फेरे घेते. त्याच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांत हा आकडा लक्षणीय वेगळा असेल, तर कमी फेऱ्यांची आवृत्ती लांबच्या प्रवासात सहसा शांतही वाटते आणि इंधनही वाचवते. पाच गिअरच्या मॅन्युअलला या एका परीक्षेत आठ गिअरच्या ऑटोमॅटिकपुढे अनेकदा हार मानावी लागते.

पायरी पाचवी: खर्च केवळ खरेदीचा धरू नका

मॅन्युअलचा मुख्य खर्च म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच. गाडीत दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील असेल, तर त्याचीही किंमत विचारून ठेवावी. इंजिनाची थरथर शोषणारा हा भाग झिजला की क्लचचे बिल फुगते. एएमटीत हाच संच असतो आणि त्यावर क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचा संभाव्य खर्च वाढतो.

टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि ओली डीसीटी यांचा नियमित खर्च तेलाचा. काही कंपन्या गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर पुरते असे सांगतात. त्यातील आयुष्य कोणाचे, हा प्रश्न इथे चोखंदळ ग्राहकाने विचारायला हवा, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे यांच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. गाडी पाच-सहा वर्षांत विकणाऱ्याला हा खर्च कदाचित येणारही नाही. दहा-बारा वर्षे ठेवणाऱ्याने तो पहिल्या दिवसापासून हिशोबात धरावा.

यापुढे दोन चौकश्या कराव्यात. वॉरंटीच्या कागदात क्लचला झिजणारा भाग म्हणून वगळले आहे का, आणि वगळले असल्यास एएमटी व डीसीटीच्या क्लचलाही तोच नियम लावला आहे का, हे शब्दशः वाचावे. दुसरे म्हणजे, त्या विशिष्ट गिअरबॉक्सचे अंतर्भाग उघडून दुरुस्ती करणारी कार्यशाळा आवाक्यात आहे की तिथे संपूर्ण गिअरबॉक्सच बदलून देतात, हे विचारावे. दुरुस्तीच्या खर्चात याहून मोठा फरक पाडणारी बाब नाही.

पायरी सहावी: चालवून पाहताना मुद्दाम अवघड प्रसंग निर्माण करा

शोरूमची नेहमीची फेरी रुंद, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावरून नेली जाते आणि तिथे कोणताही गिअरबॉक्स शहाण्यासारखा वागतो. म्हणून मार्ग आपण सुचवावा, वेळ गर्दीची मागावी आणि शक्य असल्यास इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करावी. सोबत घरातील दुसऱ्या चालकालाही न्यावे. मग पुढील कसोट्या क्रमाने घ्याव्यात.

१. किमान दहा मिनिटे पायी चालण्याच्या वेगात सरका. ऑटोमॅटिक असेल तर नुसता ब्रेक सैल केल्यावर गाडी एकसंध पुढे येते की धक्के देते, हे पाहा. मॅन्युअल असेल तर ॲक्सिलरेटरला स्पर्श न करता पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून ती न आचके देता चालते का, हे पाहा.

२. चढावर थांबा, ब्रेक सोडा आणि निघा. गाडीला धरून ठेवणारी हिल-होल्ड सोय असेल तर ती साधारण दोन-तीन सेकंदच धरते. तेवढ्यात आपला पाय ॲक्सिलरेटरवर सहज पोहोचतो का, ते तपासा. त्यानंतर तोच चढ मागे घेत चढा. एएमटी आणि डीसीटीची ही सर्वांत कठीण परीक्षा असते.

३. अरुंद जागेत पुढे-मागे करत गाडी वळवा. डी (पुढे जाण्याची स्थिती) मधून आर (मागे जाण्याची) मध्ये गेल्यावर गाडी प्रत्यक्ष ओढू लागेपर्यंत किती वेळ जातो, हे मनात मोजा. मॅन्युअलमध्ये मागचा गिअर प्रत्येक वेळी विनातक्रार पडतो का, ते पाहा.

४. मोकळा रस्ता मिळाल्यावर ताशी ४० वरून ८० पर्यंत जोरात जा. ऑटोमॅटिकने पाय दाबल्यानंतर किती विलंबाने खालचा गिअर पकडला आणि आपल्याला ओव्हरटेकच्या वेळी तो विलंब चालेल का, याचा विचार करा. मॅन्युअलमध्ये गिअर न बदलता इंजिन किती खेचते, तेही बघा.

५. अर्धवट मनाने चालवा. ॲक्सिलरेटर दाबा, लगेच सोडा, पुन्हा दाबा, गतिरोधकावरून जवळजवळ थांबून पुन्हा निघा. चालकाचे मन पालटते तेव्हा गिअरबॉक्स गोंधळतो की सावरून घेतो, हे या एका कसोटीत जितके दिसते तितके अन्यत्र कुठेही दिसत नाही.

६. लांब उतारावर पाय पेडलवरून काढून गाडीला हाताने खालच्या गिअरमध्ये टाका आणि इंजिन तिला किती रोखते ते अनुभवा. ज्या ऑटोमॅटिकमध्ये हाताने गिअर धरून ठेवण्याची सोय नाही, ती डोंगराळ भागात राहणाऱ्याने घेऊ नये. मॅन्युअल इथे नैसर्गिकपणे सरस ठरते.

पायरी सातवी: वापरलेली गाडी असेल तर

मॅन्युअलसाठी दोन जुन्या कसोट्या अजूनही विश्वासार्ह आहेत. गाडी सपाट आणि समोर पूर्ण मोकळी असलेल्या जागेत उभी करून हँडब्रेक घट्ट ओढावा, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन तत्काळ बंद पडले तर प्लेटची पकड चांगली आहे, बंद पडायला वेळ लागला तर ती संपत आली आहे. ही कसोटी एकदाच घ्यावी, कारण ती स्वतःच प्लेट झिजवते. दुसरी कसोटी चालत्या गाडीत: वरच्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढले पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरते आहे.

ऑटोमॅटिकमध्ये कागदपत्रे यंत्राइतकीच बोलकी असतात. तेल केव्हा बदलले, कोणते घातले आणि सॉफ्टवेअर अद्ययावत केले का, याच्या नोंदी मागाव्यात. तेल तपासण्याची पट्टी असलेल्या गाडीत ते काळपट आणि जळकट वासाचे असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. सीव्हीटीमध्ये वेगाबरोबर वाढणारी शीळ, डीसीटीमध्ये निघताना जाणवणारी थरथर आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये डी टाकल्यावर बसणारा ठोका ही लक्षणे 'असे चालतेच' या उत्तरावर सोडून देऊ नयेत. एएमटी असेल तर निदान-यंत्र जोडून क्लचची झीज तपासून घ्यावी. बऱ्याच गाड्यांचा संगणक तिचा अंदाज देतो.

पायरी आठवी: निर्णय

रोजचा बराच वेळ सरकत्या गर्दीत जात असेल आणि त्यात चढही असतील, तर माझी पहिली पसंती हायब्रिडला आणि ती नको असल्यास टॉर्क कन्व्हर्टरला राहील. सपाट भागात सीव्हीटीही तितकीच योग्य. अशा वापरासाठी कोरड्या क्लचची डीसीटी मी यादीच्या तळाशी ठेवतो, मग खुल्या रस्त्यावर ती कितीही मोहक वाटो. गर्दी मध्यम, रस्ते सपाट आणि खर्चाला मर्यादा असेल तर एएमटी हा प्रामाणिक पर्याय आहे, मात्र चालकाला त्याच्या संथ स्वभावाशी जुळवून घेता आले पाहिजे. खुल्या रस्त्यावर चपळाई हवी असेल तर ओली डीसीटी किंवा आधुनिक टॉर्क कन्व्हर्टर.

मॅन्युअल कोणी घ्यावी? ज्याची सरासरी गती बरी आहे, गुडघे धड आहेत, गाडी दीर्घकाळ ठेवायची आहे आणि दुरुस्तीसाठी खास तज्ज्ञ जवळ नाही, त्याच्यासाठी ती आजही सर्वांत कमी कटकटीची आहे. केवळ 'खरा चालक मॅन्युअलच चालवतो' या अभिमानापोटी मात्र ती घेऊ नये. तासभराच्या रांगेत हा अभिमान पहिल्या पंधरा मिनिटांत गळून पडतो.

गाडी घरी आल्यानंतर

निवड बरोबर असूनही सवयी चुकीच्या असतील तर यंत्र टिकत नाही. मॅन्युअलमध्ये गाडी धावत असताना डावा पाय क्लचवर टेकवू नये, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नये आणि रांगेत सतत हाफ क्लच करण्याऐवजी पुढे थोडे अंतर पडू द्यावे, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून ते पार करावे आणि पुन्हा थांबावे. मागचा वाहनचालक हॉर्न वाजवेल. त्याची प्लेट तो बदलेल.

एएमटी आणि डीसीटीलाही हाच नियम अधिक काटेकोरपणे लागू होतो, कारण त्यांत पेडल नसल्याने क्लच घसरत असल्याचे पायाला कळत नाही. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरली की क्लच जळू लागते. थांबायचे असेल तर ब्रेकच दाबावा. याच दोन प्रकारांत, गर्दीत ब्रेक अर्धवट दाबून गाडी सतत रांगवत ठेवण्यापेक्षा पूर्ण थांबावे आणि मग निघावे.

सर्वच ऑटोमॅटिकांत उतारावर एन (न्यूट्रल) मध्ये गाडी सोडू नये. डी आणि आर यांची अदलाबदल गाडी पूर्ण थांबल्यावरच करावी. चढ-उतारावर गाडी उभी करताना ब्रेक दाबून ठेवून आधी एन, मग हँडब्रेक, मग ब्रेक सैल करून गाडीचे वजन हँडब्रेकवर येऊ द्यावे आणि शेवटी पी (पार्किंग) असा क्रम ठेवावा. नाहीतर साऱ्या गाडीचा भार आतल्या एका लहानशा खुंटीवर पडतो आणि सकाळी पी मधून दांडा सुटताना मोठा ठोका येतो. एएमटीत बहुधा पी नसतोच, म्हणून तिथे गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावण्याची मॅन्युअलचीच रीत पाळावी.

बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी ढकलून सुरू करता येते, ऑटोमॅटिक नाही. त्यामुळे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडण्याच्या जोडतारा (जंपर केबल) ऑटोमॅटिकच्या डिकीत ठेवणे बरे. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी असलेली बंद गाडी, तिची चालवणारी चाके जमिनीवर ठेवून, दोराने लांबवर ओढून नेऊ नये. इंजिन बंद असताना आतला तेलाचा पंप फिरत नाही आणि चाकांबरोबर फिरणारे भाग कोरडे घासतात. ओढण्याचे कमाल अंतर आणि वेग प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तो दिला नसेल किंवा पुस्तिका हाताशी नसेल, तर गाडी चारही चाके वर घेणाऱ्या वाहनावरूनच न्यावी.